उंबरठ्याची मर्यादा : स्वयंपाकघर आणि श्वान

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त खारबाव येथील व्याख्यानाचे शब्दरूप)



जीवंधर कुमारांच्या चरित्रात एका श्वानाची कथा येते. यज्ञासाठी सिद्ध केलेल्या अन्नाला त्या श्वानाने तोंड लावले, म्हणून संतप्त लोकांनी त्याला बेदम मारले. तो मरणासन्न होऊन पडला असता राजकुमार तेथे आले. त्याचे प्राण आता वाचत नाहीत हे ओळखून त्यांनी त्याच्या कानी णमोकार मंत्र घातला. पुढील जन्मी तोच जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि कुमारांच्या संकटकाळी साहाय्यास धावून आला. वादीभसिंह सूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’ या संस्कृत काव्यामुळे ही कथा शतकानुशतके वाचली व सांगितली जात आहे.

या कथेतून मंत्राचा महिमा सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु संसारी गृहस्थाने तिच्या आरंभाकडेही लक्ष द्यावे. त्या श्वानाचा अपराध तरी कोणता होता? अन्न उघडे होते, जीव भुकेला होता आणि दोहोंच्या मध्ये कोणतीही आडकाठी नव्हती. अन्न झाकलेले असते, तर ते विटाळले नसते आणि एक मुका जीवही मारला गेला नसता. आजच्या व्याख्यानाचा विषय या एका वाक्यात सामावलेला आहे. स्वयंपाकघरात श्वानामुळे होणारी हानी आणि स्वयंपाकघरामुळे श्वानाची होणारी हानी या दोन्ही एकाच गाफीलपणातून होतात आणि त्या टाळण्याचा उपायही एकच आहे. शास्त्रकारांनी त्याला ‘यतना’ म्हटले आहे. घराघरांत त्यालाच ‘जयणा’ म्हणतात.

जिव्हाळा जुना आहे

श्वानाविषयी कणव ही या भूमीला नवी नाही. संत नामदेव महाराजांची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा नामदेव महाराज काठी न घेता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, याची त्यांना चिंता लागली होती.

व्यापारी समाजाचा इतिहासही येथे स्मरणीय आहे. १८३२ साली मुंबईत सरकारी आज्ञेने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालू होती. त्या वर्षीच्या जून महिन्यात कोट भागातील पारशी बांधवांनी तिला उघड विरोध केला. दुसऱ्या दिवशी जैन, वैष्णव आणि इस्माइली व्यापारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुकाने बंद झाली आणि शहराचे व्यवहार थंडावले. पुढे १८३४ साली शेठ मोतीशा अमीचंद आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरापोळ स्थापन झाली. एक जैन आणि एक पारशी अशा दोन व्यापाऱ्यांनी मुक्या प्राण्यांसाठी केलेले ते कार्य आहे. मारण्याला नुसता विरोध करून ते थांबले नाहीत, तर त्या जीवांना ठेवण्यासाठी जागा दिली आणि खर्चाची तरतूद केली. करुणेबरोबर व्यवस्थाही लागते, हा धडा त्या पिढीने घालून दिला.

घर बदलले, श्वान आत आला

खारबावसारख्या गावात पूर्वी श्वानाची जागा ठरलेली असे. भातशेतीच्या या भागात घराला ओटी असे, पडवी असे, मागील दारी चूल असे आणि श्वान अंगणात असे. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत अनेक घरांत पाळली जाई. गृहिणी मागील दारी येऊन भाकरी टाकी. श्वान ती घेऊन बाजूला जाई. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने ओलांडला, तर घरातील वडीलधारी मंडळी हाकलीत. त्यामागे शुद्धाशुद्धतेचा विचार होता. पण त्यायोगे श्वान चुलीपासून, उकळत्या भांड्यापासून आणि नको त्या अन्नापासून दूर राही, हा लाभही अनायासे होत असे.

आज परिस्थिती पालटली आहे. वसई रोड–दिवा लोहमार्गावरील या गावातही इमारती उभ्या राहिल्या, भिवंडी तालुक्यात सर्वत्र गोदामे पसरली. सदनिकेत अंगण नाही, पडवी नाही. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पुष्कळदा भिंतही नसते. घरातील मुलांच्या हट्टाने श्वान आला, तो थेट ओट्याच्या पायथ्याशी येऊन बसला. गोदामांवर तर राखणदार एका कोपऱ्यात शेगडी मांडून स्वयंपाक करतो आणि राखणीचा कुत्रा शेजारीच पसरलेला असतो. यावरून घराघरांत वादही होतात. आजीला वाटते, कुत्रा स्वयंपाकघरात नको. नातवाला वाटते, आजीला त्या जिवाची दया नाही. वास्तविक पाहता आजीचा उंबरठा आणि नातवाचे प्रेम या दोन्ही गोष्टी त्या श्वानाला हव्या आहेत.

ताटातील अपाय

अहिंसक घराच्या स्वयंपाकघरात श्वानाला अपायकारक असे काय असणार, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर अनपेक्षित आहे. मनुष्याला जे पथ्यकारक, ते श्वानाला पथ्यकारक असेलच असे नाही. त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे काही पदार्थ मनुष्याप्रमाणे हाताळू शकत नाहीत.

पहिले उदाहरण द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांचे. शिऱ्यात, खिरीत, दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्यात ते असतातच. त्यांमुळे श्वानाची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर चालेल, याचे निश्चित प्रमाण सांगता येत नाही. एखादा श्वान मूठभर खाऊन वाचतो, तर दुसरा थोडक्यात दगावतो. असे का व्हावे, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. मुलांना खेळण्यासाठी घरी केलेला पिठाचा गोळा एका श्वानाने खाल्ला आणि त्यालाही तसाच विकार झाला. त्या गोळ्यात बेकिंगमध्ये वापरले जाणारे ‘क्रीम ऑफ टार्टर’ होते. या धाग्यावरून अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली असे मत मांडले, की द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे या अपायाचे कारण असावे. हे आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाऊन श्वानांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदीही पुढे आल्या. आमटीत, चटणीत, भेळेच्या पाण्यात चिंच नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण! तेव्हा चिंचेचा कोळ काढल्यावर उरलेला चोथा मागील दारी टाकण्याची सवय सोडावयास हवी.

दुसरे उदाहरण चॉकलेटचे. त्यातील थिओब्रोमिन हे द्रव्य श्वानाच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. चॉकलेट जितके काळे आणि कडू, तितके ते घातक. उलट्या, अस्वस्थता, हृदयाची धडधड आणि शेवटी झटके, अशा क्रमाने लक्षणे दिसतात. चहा आणि कॉफी यांतील कॅफिन हे याच जातीचे आहे. म्हणून चहाचा चोथा गोडीच्या आशेने चाटणाऱ्या श्वानाकडे पाहून हसू नये. चोथ्याचे भांडे झाकावे.

तिसरे उदाहरण झायलिटॉलचे. साखरेऐवजी वापरले जाणारे हे द्रव्य बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि मधुमेही व्यक्तींसाठी केलेल्या काही पदार्थांत असते. मनुष्याला ते बाधत नाही. श्वानाच्या शरीरात मात्र त्यामुळे इन्सुलिन एकदम वाढते आणि रक्तातील साखर अर्ध्या-एक तासाच्या आत धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. प्रमाण अधिक असल्यास यकृतही निकामी होते. घरात मधुमेही वडीलधारे असतील, तर वेष्टनावरील बारीक अक्षरे आता श्वानासाठीही वाचावी लागतील.

कांदा आणि लसूण हे श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. कच्चे असोत, शिजलेले असोत अथवा त्यांची पूड असो, परिणाम तोच. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायास पुरेसा ठरतो, म्हणजे दहा किलोच्या श्वानाला दोन-तीन कांदे पुरतात. लक्षणे दिसण्यास काही दिवस लागतात, त्यामुळे कारण ध्यानात येत नाही. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरातील श्वान या एका बाबतीत नशीबवान म्हणावयाचा. परंतु बाहेरून आणलेली पावभाजी, शेजाऱ्यांनी प्रेमाने घातलेला रस्सा आणि लग्नघरातील उरलेले जेवण यांना हा नियम लागू नसतो.

याखेरीज काही गोष्टी ओझरत्या सांगाव्यात. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दांडा श्वान गिळतो आणि ते आतड्यात अडकून बसतात. मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. खमीर घातलेले कच्चे पीठ पोटात फुगते आणि त्यातून मद्यार्क तयार होतो. बुरशी आलेला पाव अथवा पोळी ‘कुत्र्याला चालेल’ म्हणून टाकली जाते. त्या बुरशीतील विषाने श्वानाला कंप सुटू शकतो. जे अन्न शिळे म्हणून श्रावक स्वतः खात नाही, ते दुसऱ्या जिवाच्या पुढ्यात टाकण्याने दान घडत नाही. तळणीचे पदार्थ आणि तुपातील मिठाई एकदम पोटात गेल्यास स्वादुपिंडाचा दाह होतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या ताटांतील उरलेले मोहनथाळ आणि फरसाण श्वानाला खाऊ घालणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की नामदेव महाराजांच्या कथेचे मर्म तुपात नाही; दुसऱ्याच्या घशाची काळजी वाहण्यात आहे.

अग्नी, वाफ आणि उकळते पाणी

जैन घरातील एक गोष्ट अन्य घरांत क्वचितच आढळते. पहाटे पाणी उकळून ते लवकर निवावे म्हणून पसरट परातीत ओतून ठेवले जाते आणि ती परात पुष्कळदा जमिनीवर असते. श्वानाच्या नाकाच्या बरोबर उंचीवर! तहानलेले पिल्लू त्यात तोंड घालते अथवा पाय टाकते आणि भाजते. सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी उकळलेल्या पाण्यात डोळ्यांसमोरचा पंचेंद्रिय जीव होरपळावा, याहून मोठी विसंगती ती कोणती? परात ओट्यावर ठेवावी, जाळीने झाकावी आणि पाणी निवेपर्यंत स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे.

शेगडीजवळ तीन नियम पाळावेत. कढई मागील बर्नरवर ठेवावी. भांड्यांच्या दांड्या भिंतीच्या बाजूस वळवाव्यात. पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीच्या पायाशी श्वानाला बसू देऊ नये. उकळत्या तेलाचे भांडे हाती घेऊन वळताना पायात श्वान आला, तर पडणारी व्यक्ती, तो श्वान आणि जवळ खेळणारे मूल असे तिघेही संकटात सापडतात.

गॅसचा धोका निराळा आहे. ओटा साधारणतः माणसाच्या कमरेइतका असतो. मागील पायांवर उभ्या राहिलेल्या मोठ्या श्वानाचे पंजे शेगडीच्या बटनापर्यंत सहज पोहोचतात. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरी जून २०२४ मध्ये एका घरातील श्वानाच्या पंजाने शेगडीचे बटन फिरले आणि वर ठेवलेल्या खोक्यांनी पेट घेतला. घरातील कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य तेथील अग्निशमन दलाने लोकशिक्षणासाठी प्रसिद्ध केले. त्या देशात पाळीव प्राण्यांमुळे वर्षाकाठी सुमारे एक हजार घरांत आग लागते, असा तेथील अग्निसुरक्षा संघटनेचा अंदाज आहे. येथील बहुतेक शेगड्या काडीने अथवा लायटरने पेटवाव्या लागतात, त्यामुळे बटन फिरले तर ज्वाला न पेटता वायू सुटत राहतो. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, जेथे श्वान झोपलेला असतो. म्हणून स्वयंपाक आटोपताच बटनाबरोबर सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करण्याची सवय लावावी. दात येण्याच्या वयातील पिल्लू रबरी नळी चावते. तारेची जाळी असलेली प्रमाणित नळी वापरावी, ती श्वानाच्या तोंडी येणार नाही अशी बसवावी आणि दर पाच वर्षांनी बदलावी. वास आल्यास दिव्याचे बटन दाबू नये, खिडक्या उघडाव्यात, श्वानासह सर्वांनी बाहेर यावे आणि गॅसगळतीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावर कळवावे.

डबा, पिशवी आणि औषध

फरसाणाची रिकामी पिशवी निरुपद्रवी दिसते. तळाशी राहिलेल्या चुऱ्यासाठी श्वान तीत डोके घालतो. श्वास ओढताच पिशवी नाकातोंडाला चिकटते आणि काही मिनिटांत तो गुदमरतो. रस्त्यावरील कुत्र्यांच्या डोक्यात प्लास्टिकची बरणी अडकल्याचे दृश्यही अनेकांनी पाहिलेले असेल. असा श्वान खाऊ-पिऊ शकत नाही आणि भयाने कोणाला जवळ येऊ देत नाही. उपाय अगदी सोपा आहे. पिशवी टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी कापावी. बरणी झाकण लावून अथवा चेपून टाकावी. जिवंतपणीच्या या यातना एका कात्रीने टळतात. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा व घट्ट झाकणाचा असावा आणि ओट्याखालील कपाटात ठेवावा.

डांबराच्या गोळ्या, फिनेल, मोरी साफ करण्याचे आम्ल अथवा क्षार ही द्रव्ये उंचावर असावीत. फरशी पुसल्यानंतर ती वाळेपर्यंत श्वानाला आत सोडू नये. तो ओल्या फरशीवरून चालतो आणि मग पंजे चाटतो.

उंदरांचे विष जैन घरात नसते, परंतु गोदामांत ते सर्रास घातले जाते. झिंक फॉस्फाईडसारखे विष पोटात गेल्यास विषारी वायू तयार होतो. श्वानाने बंद खोलीत उलटी केली, तर तो वायू माणसालाही बाधतो. दुसऱ्या प्रकारच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया थांबते. त्याची लक्षणे दोन-चार दिवस दिसतच नाहीत आणि नंतर एकाएकी रक्तस्राव सुरू होतो. विषाने मेलेला उंदीर खाऊनही श्वानाला बाधा होऊ शकते. कापडाच्या गाठींचे उंदरांपासून रक्षण करणे व्यापाऱ्याला भागच असते. पण त्यासाठी पिंजरा आहे, जाळी आहे, भिंतींची भोके बुजविणे आहे आणि मुख्य म्हणजे राखणदाराने उरलेले अन्न उघडे न ठेवणे आहे. नफ्यातोट्याच्या दृष्टीनेही हेच स्वस्त पडते.

उंबरठा कसा राखावा

एवढे सारे धोके ऐकून श्वान पाळूच नये, असे कोणी म्हणेल. तशी आवश्यकता नाही. बहुतेक धोके एका मर्यादेने टळतात आणि ती मर्यादा म्हणजे उंबरठा. दार असेल तर ते लावावे. दार नसेल तर लहान मुलांसाठी मिळते तसे जाळीचे बुटके फाटक बसवावे. फाटकापलीकडे, जेथून त्याला घरची माणसे दिसतील अशा जागी, श्वानाची चटई अंथरावी. तो एकटा पडला असे त्याला वाटता कामा नये. कारण कुत्रा स्वयंपाकघरात अन्नासाठी येतो तसाच सोबतीसाठीही येतो.

‘थांब’ हा एक शब्द त्याला शिकवावा. तो उंबरठ्याशी थांबला, की लगेच त्याच्या चटईवर खाऊ ठेवावा. आत आला तर मारू नये, न बोलता बाहेर न्यावे. काही आठवडे दररोज थोडा वेळ असे केले, तर थांबण्यातच लाभ आहे हे त्याला उमगते. मात्र घरातील सर्वांचा नियम एक असावा. आईने बाहेर काढावे आणि आजोबांनी ओट्यावरून तुकडा टाकावा, असे चालले तर श्वान बिचारा काय समजणार! पाहुण्यांनाही विनयपूर्वक सांगावे, की आमच्या परवानगीवाचून त्याला काही घालू नका.

पहिल्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अधिक भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे येतात. स्वयंपाकघर सुरक्षित राहावे म्हणून श्वानाला दिवसभर आखूड साखळीने बांधणे हा पहिला अतिचार होतो. शेवटचा अतिचार तर अजाणता घडतो. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर चूल थंड असते. पर्युषणात कित्येक घरांत दिवसच्या दिवस स्वयंपाकच होत नाही. अशा वेळी श्वानाचे भोजन विसरले जाते आणि भुकेला श्वान रात्री कचऱ्याचा डबा पालथा घालतो. व्रत मनुष्याने स्वेच्छेने घ्यावयाचे असते. मुक्या जिवावर ते लादता येत नाही. घरच्या मंडळींबरोबर सूर्यास्तापूर्वी त्याचेही जेवण उरकावे, पण पाण्याचे भांडे रात्रंदिवस भरलेले असावे. उपवासाच्या दिवशी त्याच्या अन्नाची जबाबदारी एका व्यक्तीवर नाव घेऊन सोपवावी.

त्याचे अन्न कोणते, हाही प्रश्न समाजात नेहमी विचारला जातो. शाकाहारावर श्वान निरोगी राहू शकतो. मात्र तो आहार समतोल असावा लागतो आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावा लागतो. केवळ दूध-पोळी पुरेशी नाही. अनेक प्रौढ श्वानांना दूध पचतही नाही. पोट भरलेला श्वान उंबरठा सहज पाळतो. भुकेल्याला फाटकही अडवू शकत नाही.

श्वानाची भांडी निराळी असावीत व निराळी घासावीत. त्याला हात लावल्यावर हात धुऊनच पिठाला लावावेत. वेळेवर जंतनाशक औषध आणि दरवर्षी रेबीजची लस चुकवू नये. श्वान जेवत असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये. हाती खाऊ घेऊन फिरणारे मूल आणि भुकेला श्वान यांना एकटे सोडू नये. चावा बसलाच, तर जखमेवर हळद, चुना अथवा तिखट भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की त्यावर उपाय उरत नाही. म्हणून येथे एका दिवसाची चालढकलही परवडणारी नाही.

विपरीत घडल्यास

श्वानाने नको ते खाल्ले असे दिसताच घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची प्रथा घातक आहे. त्या मिठानेच प्राण जाऊ शकतात. आम्ल अथवा रॉकेल पोटात गेले असता उलटी करविल्यास अन्ननलिका आणि फुफ्फुसे यांना दुप्पट इजा होते. दूध अथवा तेल पाजण्यानेही विष उतरत नाही. करावयाचे ते इतकेच : उरलेला पदार्थ काढून घ्यावा, त्याचे वेष्टन जपून ठेवावे आणि पशुवैद्यकाला चार गोष्टी सांगाव्यात. काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा आणि श्वानाचे वजन किती. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. बेदाणे आणि उंदराचे विष यांच्या बाबतीत तर लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. भाजले असता साधे गार पाणी ओतत राहावे. बर्फ, हळद वा टूथपेस्ट लावू नये.

पशुवैद्यकीय साहाय्यासाठी शासनाच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय गेली सव्वाशेहून अधिक वर्षे मुक्या जीवांची सेवा करीत आहे. परंतु खारबावहून परळ दूर आहे. जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी, आजच लिहून ठेवावा.

दाराबाहेरचा जीव

घरच्या श्वानाविषयी जे सांगितले, तेच दाराबाहेरच्या श्वानालाही लागू आहे. त्याला अन्न घालणारे हात समाजात पुष्कळ आहेत आणि ते असावेत. मात्र शिड्यांपाशी, शाळेच्या वाटेवर अथवा मुले खेळतात तेथे अन्न टाकल्याने श्वानांची झुंबड उडते, माणसे बिथरतात आणि अखेर राग निघतो तो त्या मुक्या जीवांवरच. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी अशा जागा टाळून अन्नदानाचे ठिकाण व वेळ ठरविण्याचे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही रस्त्यांवर कोठेही अन्न न टाकता नेमून दिलेल्या जागीच ते घालावे, असे म्हटले आहे. त्या दृष्टीने एक जागा, एक वेळ, धुतलेले भांडे, बेदाणे-चिंच-कांदा वगळलेले ताजे अन्न आणि स्वच्छ पाणी, एवढे नियम पाळले तर शेजाऱ्यांची तक्रारही राहणार नाही. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यांसाठी हातभार लावणे हे तर अन्नदानाहूनही अधिक टिकाऊ जीवदयेचे कार्य होय.

शेठ मोतीशांच्या काळी श्वानाला काठीपासून वाचवावे लागले. आज बहुतेक घरांत काठी नाही. प्रेमाने पुढे केलेला बेदाण्याचा शिरा आहे, जमिनीवरची परात आहे, न कापलेली पिशवी आहे. मारणाऱ्याला निदान आपण मारीत आहोत हे ठाऊक असते. अजाणता अपाय करणाऱ्याला तेही ठाऊक नसते. म्हणून आज रात्री घरी परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने पाच मिनिटे काढावीत, स्वयंपाकघरात जमिनीवर बसावे आणि श्वानाच्या उंचीवरून चहूकडे दृष्टी टाकावी. काय हाताशी येते, काय तोंडी लागते, काय अंगावर पडू शकते, हे तेथून लगेच दिसेल. त्यानंतर परात ओट्यावर जाईल, डब्याला झाकण बसेल, रेग्युलेटर बंद होईल आणि पाण्याचे भांडे भरले जाईल.

कुमार जीवंधरांना त्या श्वानासाठी अंतकाळी मंत्र सांगावा लागला. तशी वेळ कोणत्याही घरावर न यावी, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!